टाकळा: भाजी किती, औषध किती?

घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गवळीदेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी पहिल्या पावसानंतर टाकळा माजतो आणि सासूबाई त्याचा कोवळा पाला आणून भाजी करतात. यजमानांना जांघेत गजकर्ण झालंय, त्यावर टाकळ्याचं बी ताकात वाटून लावा असाही सासूबाईंचा आग्रह आहे. शिवाय हेच बी भाजून केलेला ‘चहा’ ऑनलाइन मिळतो. त्याच्या पाकिटावर वजन, डोळे आणि पोट साफ असे दावे आहेत, आणि फिरत्या मेसेजमध्ये तर कॅन्सरही बरा होतो म्हणे. या झाडात नेमकं असतं काय, आणि त्यातलं खरं किती?

वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या धंद्यात, रबाळे एमआयडीसीतल्या तपासणीच्या लॅबमध्ये माझी उभी नोकरी झाली. टाकळा मला भेटला तो गोणीतल्या बियांच्या रूपात. मी वैद्य नाही, केमिस्ट आहे, तेव्हा उत्तरही त्याच बाजूने देतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: ‘टाकळ्यात काय असतं’ याला एकच उत्तर नाही. आषाढातला कोवळा पाला, भाद्रपदात फुलावर आलेल्या झाडाचा जून पाला, दिवाळीनंतर वाळलेल्या शेंगेतलं बी आणि तेच बी भाजल्यावर, हे रसायनाच्या हिशेबाने चार वेगवेगळे माल आहेत. सासूबाई पहिल्याबद्दल बोलतात, चहावाले चौथ्याबद्दल, आणि मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीच हातात धरलेलं नसतं.

रसायनाकडे जाण्याआधी ओळख पक्की करू, कारण खरा धोका तिथे आहे. टाकळ्याचं शास्त्रीय नाव सेन्ना टोरा, जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा. पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद आणि बुडाकडे निमुळती. खालच्या जोड्यांच्या मधोमध दांड्यावर बारीक केशरी ग्रंथी दिसते, डोळे बरे असतील तर नुसत्याही दिसते. पान चुरगाळलं की उग्र वास येतो आणि संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात. शेंग पेन्सिलीपेक्षा बारीक, लांब आणि वाकडी. बी चकचकीत, तपकिरी, कोनाकोनाचं.

याच्याच शेजारी, त्याच पडीक जागेत, कासविंदा उगवतो. काही ठिकाणी त्याला रानटाकळाही म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कासविंद्याच्या पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात, पर्णिका टोकदार असते आणि ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी. शेंग चपटी, कडेने फिकी, आणि आतलं बी चपटं, मळकट. हे बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूरकडे पावसाळा सरल्यावर लहान मुलांना एकाएकी उलट्या होऊन शुद्ध हरपायची आणि त्यातली बरीच दगावायची. वर्षानुवर्षं त्याला मेंदूज्वर समजलं गेलं. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या गटाने २००७च्या सुमारास दाखवून दिलं, की मुलांनी खेळताखेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर एकदम घाला. म्हणून बी गोळा करायचं असेल तर आधी झाड ओळखा. सुट्टं बी विकत घेत असाल तर ते पांढऱ्या कागदावर पसरा. कोनदार दाण्यांत चपटे दाणे दिसले तर पुडी परत. लॅबमध्ये आलेल्या गोण्यांतही अशी भेसळ निघालेली मी पाहिली आहे. ती मुद्दाम केलेली असते असं नाही, तोडणारे हात घाईत असतात. टाकळ्याची अगदी जवळची बहीण सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया हीसुद्धा बाजारात टाकळा म्हणूनच खपते. ती भेसळ निदान जीवघेणी नाही.

आता आत काय आहे ते. टाकळ्याच्या औषधीपणाचा मुख्य भार अँथ्राक्विनोन नावाच्या कुटुंबावर आहे. तीन कड्या एका रांगेत जोडलेल्या आणि मधल्या कडीवर समोरासमोर दोन ऑक्सिजन, असा हा सांगाडा. त्याच्या कडेकडेने कुठला गट चिकटतो त्यावर नाव ठरतं: क्रायसोफेनॉल, इमोडिन, ऱ्हाइन, फिसियॉन, ऑब्ट्युसिफोलिन, ऑरॅन्शिओ-ऑब्ट्युसिन. नावं भारदस्त असली तरी फरक बारीक असतात. क्रायसोफेनॉलच्या एका कोपऱ्यावरचा मिथाइल गट काढून तिथे कार्बॉक्सिल बसवला की ऱ्हाइन झालं. एवढ्याशा बदलाने त्याचं पाण्यात विरघळणं, रक्तात जाणं, काम करणं सगळं बदलतं. झाड हे कसं बनवतं हे अलीकडेपर्यंत कोडंच होतं. २०२० साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी टाकळ्याचा अख्खा जनुकीय आराखडा मांडला, तेरा गुणसूत्र-जोड्यांचा, आणि हा सांगाडा रचणारं एन्झाइम शोधून काढलं. आपण रुळाच्या कडेचं तण म्हणून तुडवतो त्या झाडाचा एवढा मान!

ही द्रव्यं आहेत की नाहीत हे बघायची चाचणी जुनी आणि देखणी आहे. बियांची पूड पातळ गंधकाम्लात उकळायची, गाळून थंड करायची आणि क्लोरोफॉर्मबरोबर सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे काढायच्या तोटीच्या काचपात्रात) हलवायची. खाली पिवळसर थर बसतो. तो वेगळा काढून त्यावर पातळ अमोनिया घालून पुन्हा हलवलं, की वरचा थर गुलाबी होतो, माल चांगला असेल तर थेट चेरीच्या रंगाचा. याला बोर्नट्रॅगरची चाचणी म्हणतात. कॉलेजातून आलेल्या नव्या पोराला मी पहिल्या आठवड्यात हीच करायला द्यायचो. मात्र हा रंग फक्त ‘आहे’ एवढंच सांगतो, किती आहे हे नाही. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातलं एकेक द्रव्य वेगळं करून मोजणारं यंत्र लागतं. चीनच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकग्रंथात, हे बी अधिकृत औषध आहे आणि त्यात क्रायसोफेनॉल किमान ०.२० टक्के आणि ऑरॅन्शिओ-ऑब्ट्युसिन किमान ०.०८० टक्के भरलं पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे दहा ग्रॅम चांगल्या बियांत क्रायसोफेनॉल निघणार वीसेक मिलिग्रॅम. पाकिटावर मात्र यातला एकही आकडा छापलेला नसतो.

बियांत आणखी एक कुटुंब असतं, नॅफ्थोपायरोनचं. रुब्रोफ्युसारिन, तोरालॅक्टोन ही त्यातली नावं. यांच्या साखर जोडलेल्या रूपांनी प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींना इजेपासून वाचवल्याचं दिसलं आहे. आणि त्याच बियांतल्या अँथ्राक्विनोनच्या मोठ्या मात्रांनी उंदरांच्या यकृताला त्रास झाल्याचेही प्रयोग आहेत. ‘टाकळा यकृताला चांगला’ आणि ‘टाकळा यकृताला वाईट’ ही दोन्ही वाक्यं त्यामुळे एकाच बीबद्दल खरी ठरू शकतात. फरक द्रव्याचा, मात्रेचा आणि किती दिवस घेतलं याचा.

भाजीबद्दल माझं मत साफ आहे: खुशाल खा. पाल्यात कॅरोटिन, लोह, कॅल्शियम आणि बऱ्यापैकी प्रथिनं असतात. अँथ्राक्विनोन पाल्यातही आहेत, पण आपल्याकडची रीत त्यांचा बंदोबस्त आपोआप करते. फूल येण्याआधीचे शेंडे खुडायचे, उकडून पिळून पाणी टाकायचं आणि मग लसूण-मिरचीच्या फोडणीत कांदा, भिजवलेली डाळ किंवा फणसाच्या आठळ्या घालून परतायचं. साखर जोडलेले अँथ्राक्विनोन पाण्यात चांगले विरघळतात, त्यामुळे पिवळट पाण्याबरोबर त्यांचा मोठा भाग मोरीत जातो, उग्र वासही जातो. उरतं त्याने पोट जरा मोकळं होतं, एवढंच. येऊर, मुरबाड, शहापूरकडच्या आदिवासी बाया जून-जुलैत ठाण्याच्या बाजारात शेवळं, कुरडू, फोडशीच्या बरोबर टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. श्रावणानंतर त्यांच्या टोपलीत टाकळा दिसत नाही. झाड तेव्हा संपलेलं नसतं, उलट कंबरेएवढं झालेलं असतं. खाण्याजोगं राहिलेलं नसतं, म्हणून त्या आणत नाहीत.

एक हट्ट मात्र धरा. डोंगराच्या अंगाचा पाला आणा. ठाणे-बेलापूर रोडच्या दुभाजकाजवळचा, नाल्याकाठचा, कारखान्यांच्या भिंतीलगतचा किंवा रुळांच्या कडेचा नको. तिथे पानांवर रस्त्याची धूळ असते, मातीत काय मुरलंय ते कुणी तपासलेलं नसतं आणि रुळांच्या कडेला तणनाशकही मारलेलं असू शकतं. धुतल्याने वरची धूळ जाते, मुळांनी आत ओढलेलं जात नाही.

आता गजकर्ण. सासूबाईंचा सल्ला हवेतला नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात त्वचारोगांवरचे लेप सांगितलेत. त्यात अगदी सुरुवातीलाच आरग्वध आणि एडगज जोडीने येतात. आरग्वध म्हणजे एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रस्तोरस्ती पिवळा लोंबणारा बहावा आणि एडगज म्हणजे टाकळा. दोघांत अँथ्राक्विनोन आहेत, म्हणजे जोडी जमवणाऱ्याची नजर पक्की होती. १९७५ साली भारतीय संशोधकांनी टाकळ्यातून क्रायसोफेनिक ॲसिड-९-अँथ्रोन वेगळं काढलं आणि गजकर्णाच्या बुरशांवर ते चालतं हे परीक्षानळीत दाखवलं. अँथ्रोन म्हणजे अँथ्राक्विनोनचं क्षपण झालेलं रूप, एक ऑक्सिजन कमी असलेलं. बुरशी मारण्यात तेच तेज, पण हवेत टिकत नाही. ऑक्सिडीकरण होऊन ते परत अँथ्राक्विनोनकडे जातं. म्हणून त्या प्रयोगात क जीवनसत्त्व घालून ते जपावं लागलं. जुन्या लेपांत बी लिंबाच्या रसात किंवा ताकात ताजं वाटायला सांगतात, त्यामागे आंबटपणाचा हा फायदा असावा असा माझा तर्क आहे.

याच द्रव्याची एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावर घडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात ‘गोवा पावडर’ मिळायची. गजकर्णावर रामबाण, पण कशाची ते कुणाला ठाऊक नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, की ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी. पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरायची आणि पुढे मुंबईत यायची. त्यातलं मुख्य द्रव्य क्रायसारोबिन, म्हणजे क्रायसोफेनॉलचं अँथ्रोनच, टाकळ्यात आहे तेच. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही पावडर मिळेना, तेव्हा १९१६ साली तिथे त्याची कृत्रिम नक्कल तयार झाली. ते डिथ्रॅनॉल. सोरायसिसवर ते आजही वापरलं जातं. ज्याने ते वापरलंय त्याला विचारा: कपड्याला डाग पडतो तो निघत नाही आणि भोवतालची चांगली कातडी भाजते. टाकळ्याच्या लेपाची ताकद कुठून येते आणि आग का होते, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच द्रव्य.

म्हणजे लावायचं का? हातापायावर एखादं छोटं, ताजं वर्तुळ असेल आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघितलं असेल, तर ताज्या वाटलेल्या बियांचा पातळ लेप लावून बघायला माझी हरकत नाही. जांघेत मात्र नको. तिथली कातडी पातळ, घाम सतत, लेप आत मुरतो आणि भाजल्यासारखी जखम होते. मग बुरशी बाजूलाच राहते आणि जखमेचा इलाज करत बसावं लागतं. लिंबाच्या रसात वाटलेला लेप लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे किंवा फोड येतात, तो लिंबाचा गुण.

शिवाय आजचं गजकर्ण सासूबाईंच्या तरुणपणातलं राहिलेलं नाही. गेल्या दहाएक वर्षांत देशभर ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची चिवट बुरशी पसरली आहे. तिला हे नाव २०२० साली मिळालं. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. तिच्या फैलावाला मेडिकलमधून विनाचिठ्ठी घेतलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी हातभार लावला असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. खाज चार दिवसांत थांबते, बुरशी मात्र खाली आरामात पसरते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात हे मी ठाण्यात कुणाला सांगायला नको. यजमानांनी आधी असलं मलम लावलंय का ते विचारा. लावलं असेल तर डॉक्टरांना नावासकट सांगा. उपचार कित्येक आठवडे चालतो आणि डाग दिसेनासा झाल्यावरही पुढे चालू ठेवावा लागतो. घरात आणखी कुणाला असेल तर दोघांचा एकदम करा. टॉवेल वेगळे, अंतर्वस्त्रं पूर्ण वाळलेली. आपल्याकडे जुलैत कपडे वाळत नाहीत, म्हणून इस्त्री फिरवा.

बियांच्या चहाकडे येतो. पोट साफ होतं हा दावा खरा आहे. साखर जोडलेले अँथ्राक्विनोन लहान आतड्यातून फारसे शोषले न जाता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. तिथले जिवाणू साखर तोडतात, अँथ्रोन तयार होतं, आतडं चेतवलं जातं आणि पाणी आत थांबतं. सोनामुखीचं काम असंच चालतं, ती टाकळ्याच्याच सेन्ना वंशातली. बी भाजल्यावर हा गुण कमी होतो, म्हणून भाजलेल्या बियांचा चहा सौम्य वाटतो. वजनाचं म्हणाल तर सकाळी काट्यावर जे उतरतं ते पाणी आणि मळ, चरबी नव्हे. डोळ्यांचा दावा चिनी परंपरेतून आलेला आहे, माणसांवरच्या चाचण्यांचा त्याला भक्कम आधार नाही. रोज, महिनोन्‌महिने घेतलं तर आतड्याला सवय लागते, पोटॅशियम घटतं, आणि यकृतावरचा भार वेगळाच. या कुटुंबातलंच डँथ्रॉन एकेकाळी जुलाबाच्या गोळ्यांत सर्रास असायचं. उंदरांमध्ये गाठी दिसल्यावर अमेरिकेत १९८७ साली ते बाजारातून काढलं. टाकळ्यात डँथ्रॉन आहे असं मी म्हणत नाही, पण या घराण्याशी रोजची सलगी नको, एवढं त्यातून कळतं. याच बियांच्या गरापासून कॅसिया गम बनतो, डबाबंद खाद्य घट्ट करायला वापरतात तो. युरोपात त्याला ई-४२७ म्हणून परवानगी आहे, पण अट अशी की किलोमागे एकूण अँथ्राक्विनोन अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर नको. दाटपणा आणणारं द्रव्य विकायचं तर अँथ्राक्विनोन धुऊन काढा, आणि चहा विकायचा तर त्याच अँथ्राक्विनोनची जाहिरात करा, असा हा बाजार.

कॅन्सरचा मेसेज कुठून येतो तेही सांगतो. इमोडिन आणि ऱ्हाइन काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशींवर घातले की पेशी मरतात, यावर भरपूर शोधनिबंध आहेत. पण तोंडाने घेतलेल्या इमोडिनला आतडं आणि यकृत लगेच दुसरा गट जोडून निकामी करतात. रक्तात मोकळं इमोडिन इतकं थोडं उरतं, की बशीतली मात्रा गाठणं अवघड. आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हाच आहे.

या कुटुंबातून खरं औषध निघालंच नाही असं मात्र नाही. गुडघेदुखीसाठी डॉक्टर लिहून देतात ते डायासेरिन पोटात गेल्यावर ऱ्हाइन होतं. त्याची मात्रा ठरलेली, शुद्धता ठरलेली, माणसांवर चाचण्या झालेल्या. तरीही २०१४ साली युरोपच्या औषध नियामकांनी ६५ वर्षांवरच्यांना ते देऊ नये आणि बाकीच्यांना अर्ध्या मात्रेने सुरू करावं असं सांगितलं. कारणं काय, तर जोराचे जुलाब आणि यकृताचा त्रास. मोजूनमापून दिलेल्या ऱ्हाइनची ही कथा. म्हणून टाकळ्याच्या ‘औषधी क्षमते’बद्दल कुणी भरभरून बोलू लागलं, की मी पहिला प्रश्न मात्रेचा विचारतो.

सासूबाईंच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा. त्या बीपीसाठी ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारी) घेत असतील किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर बियांचा चहा किंवा चूर्ण त्यांना देऊ नका. पोटॅशियम आणखी उतरलं तर ठोके बिघडतात. गुडघ्यासाठी डायासेरिन चालू असेल तर त्याच्या जोडीलाही नको. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मुलं आणि यकृताचा आजार असलेले यांनीही बी टाळावं. भाजी मात्र यातल्या बहुतेकांना, आठवड्यातून एकदा, उकडून पाणी टाकून केलेली, चालेल. जुलाब चालू असतील त्या आठवड्यात तेवढी करू नका.